सोलापूरच्या उन्हात पक्ष्यांचं अंगण: परळ, पेटी आणि करवंटी

सोलापुरात बागेत पक्षी यावेत असं वाटत असेल तर दाण्यांपासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तिथूनच करतात. गच्चीवर मूठभर ज्वारी टाकली की काही दिवसांत पारव्यांचा थवा बसायला लागतो, कठडा विष्ठेनं पांढरा होतो, शेजारी कुरकुरतात आणि सगळंच बंद पडतं. चिमणी, बुलबुल, शिंपी, शिंजीर यांतलं कुणी फिरकतही नाही.

आपलं गाव पर्जन्यछायेतलं. फेब्रुवारी सरता सरता ऊन चटके देऊ लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वरच असतो. अशा ठिकाणी पक्ष्याला आधी पाणी लागतं, पाण्याजवळ लपायला झुडूप लागतं, पिल्लांसाठी किडे लागतात. दाणा त्यानंतर. म्हणून क्रम असा ठेवा: पाणी, झुडपं, घरटं आणि सगळ्यात शेवटी दाणा. खाली सांगितलेलं सगळं घरी करता येतं. त्यासाठी करवत, ड्रिल, थापी आणि रविवारची एक दुपार पुरते.

पाण्याचा परळ

सोपा मार्ग म्हणजे कुंभाराकडून मातीचा पसरट परळ आणणं. व्यास ३० ते ४० सेंमी, मधली खोली जास्तीत जास्त ५ सेंमी, आतून खरबरीत. चकचकीत झिलई दिलेला घेऊ नका, पाय घसरतो. स्टीलची ताटली उन्हात पोळते आणि प्लॅस्टिकची वाऱ्यानं उलटते. घरातलं खोल भांडं ठेवायचं असेल तर त्यात कडेपासून उतरती होईल अशी दगडांची रचना करा, कारण चिमणीला अंघोळीला दीड-दोन सेंमी पाणीच हवं असतं. खोल बादलीत किंवा उघड्या टाकीत पडून किती पक्षी बुडतात, ते टाकी धुणाऱ्याला विचारा.

कायमचं काही हवं असेल तर सिमेंटचा परळ घरीच पाडा. ४० सेंमी व्यासाच्या परळासाठी २ किलो सिमेंट, ६ किलो चाळलेली वाळू आणि साधारण एक लिटर पाणी लागतं. पाणी एकदम ओतू नका; मूठ वळली की गोळा टिकावा आणि हाताला ओल लागावी, इतकंच. जमिनीवर ओल्या वाळूचा बसका ढीग करा, मध्यभागी ४-५ सेंमी उंच आणि कडेला उतरता. त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि अळूचं किंवा भोपळ्याचं मोठं पान शिरांची बाजू वर करून ठेवा. शिरांचे ठसे परळाच्या आतल्या बाजूला उमटतात आणि पक्ष्याच्या नखांना पकड मिळते. पानावर दीड सेंमी थर थापा, कोंबडीच्या जाळीचा गोल तुकडा दाबून बसवा, वर पुन्हा दीड सेंमी थर द्या. माथा थोडा सपाट करा, नाहीतर परळ उलटा केल्यावर डुगडुगेल.

दोन दिवस ओल्या पोत्याखाली ठेवा. मग उलटा करा, पान सोलून काढा आणि आठवडाभर पाणी मारा. आपल्याकडे परळ तडकतो तो इथेच: उन्हाळ्यात पोतं दुपारपर्यंत कोरडं होतं आणि केसासारख्या भेगा पडतात. म्हणून हे काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांत करा, तेही सावलीत. शेवटची एक गोष्ट गाळू नका. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, त्यामुळे परळ भरून ठेवा, रोज पाणी फेका, असं दहा दिवस करा. मगच पक्ष्यांसाठी मांडा.

परळ कुठे ठेवायचा याचं उत्तर मांजर कुठे दबा धरेल यात आहे. झुडपापासून दोन-अडीच मीटर मोकळी जागा असावी. त्याहून जवळ असेल तर मांजर झडप घालतं, फार लांब असेल तर शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आल्यावर ओल्या पंखांनी पक्ष्याला पळून लपता येत नाही. उंची एक मीटरभर, आणि दुपारी बारानंतर सावली येणारी बाजू निवडा.

आता या सगळ्यातली सर्वांत गुणी वस्तू: ठिबक. साचलेल्या पाण्यापेक्षा टपटपणारं पाणी पक्ष्याला लांबून कळतं. पाच लिटरचा कॅन झाडाला टांगा. औषधाच्या दुकानातून सलाइनचा कोरा सेट आणा, सुई काढून टाका, नळी कॅनच्या तळाशी बसवा आणि सांधा एम-सीलनं बंद करा. नळीचं टोक परळाच्या वर हातभर उंचीवर सोडा आणि चाक फिरवून मिनिटाला सुमारे २५ थेंब पडतील असं जुळवा. दिवसाला पावणेदोन-दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे कॅन अडीच दिवस चालतो. झाकणाला बारीक भोक पाडायला विसरलात तर हवा आत जाणार नाही आणि तासाभरात ठिबक थांबेल. थांबलं की लोक चाकाला दोष देतात, कारण मात्र झाकणात असतं. बोअरचं जड पाणी भरलंत तर दोन-तीन आठवड्यांत नळीच्या टोकाला पांढरा क्षार धरतो. टोक तासभर व्हिनेगरमध्ये बुडवलं, साध्या पाण्यानं धुतलं की मोकळं होतं.

नळाला रोज पाणी नसलेल्या गावात परळ रोज रिकामा करणं जिवावर येतं. तरी करायचंच. जुनं पाणी कुंडीत ओता, म्हणजे वाया काहीच जात नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, कडा काथ्यानं घासा. साबण नको. आठवड्यातून एकदा परळ दिवसभर कडक उन्हात पालथा घाला. यासाठी दोन परळ ठेवणं सोयीचं, एक वापरात आणि एक उन्हात.

धुळीची अंघोळ

चिमण्या पाण्याइतक्याच हौसेनं मातीत लोळतात. पिसांतले परजीवी त्यानं कमी होतात. ४५ सेंमी चौकोनी लाकडी चौकट, १० सेंमी खोल, आणि त्यात दोन भाग चाळलेली माती, एक भाग बारीक वाळू. माती मात्र बागेतली काळी घेऊ नका. सोलापूरची काळी माती थेंबभर ओलीनं ढेकूळ होते आणि वाळली की दगड. मुरमाड लाल माती पिठाच्या चाळणीनं चाळून घ्या. चौकट पत्र्याच्या पडवीखाली, पावसाला न सापडेल अशी ठेवा.

झुडपं आणि किडे

चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. फवारणी केलेल्या बागेत घरट्याची पेटी टांगणं म्हणजे पाहुण्याला बोलावून ताट रिकामं ठेवणं. माव्यावर, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, पाण्याचा जोरदार फवारा मारा, आठवड्यातून दोनदा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. एका कोपऱ्यात पालापाचोळा तसाच पडू द्या. दयाळ, चिरक आणि सातभाई तिथेच चरतात. सातभाईंचा कलकलाट ऐकू आला की समजावं, पाचोळ्यात जीव आहे.

लावण्यासाठी कमी पाण्यावर तगणारं निवडा. फुलांतला मध पिणाऱ्या शिंजीराला हमेलिया, अडुळसा, शंकासूर आणि कोरफडीचा फुलोरा. बुलबुल आणि कोकिळेला कडीपत्त्याची काळी फळं फार आवडतात, म्हणून कडीपत्त्याची एखादी फांदी छाटू नका, फळं धरू द्या. तुती कुंपणाला लावा, बोर जागा असेल तर. शिंपी पानं शिवून घरटं करतो, म्हणून मोठ्या पानांचं झुडूप शोधतो, जास्वंद किंवा लिंबू त्याला चालतात. दोन पानं शिवलेली दिसली की त्या बाजूला कात्री नेऊ नका. दाट आडोशाला मेंदीचं कुंपण. कडुनिंब असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे: उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या पिकल्या की बुलबुल, साळुंकी आणि पोपट आपणहून येतात. घाणेरी मात्र फुलं कितीही सुंदर असली तरी लावू नका, ती माळरानात पसरते आणि तिथलं गवत मारते. गवताळ माळावर जगणाऱ्या माळढोक पक्ष्याचं अभयारण्य नान्नजला आहे, अशा जिल्ह्यात राहून गवताची किंमत आपल्यालाच कळायला हवी.

शिंजीरासाठी साखरेचं पाणी टांगू नका. उन्हात ते काही तासांत आंबतं आणि मुंग्यांची रांग लागते.

चिमणीची पेटी

ही वस्तू सर्वांत जास्त लोक बनवतात आणि सर्वांत जास्त चुकवतात, म्हणून नीट सांगतो.

लाकूड: १५ सेंमी रुंद, दीड सेंमी जाड आणि १५० सेंमी लांब पाइनची एकच फळी पुरते. भंगारवाल्याकडे पॅकिंगच्या फळ्या मिळतात. त्यावरचा शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया केलेलं, ते परत ठेवा. साधा प्लायवुड एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. पत्र्याचा डबा, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकची बाटली विसरा. मेच्या दुपारी पत्र्याच्या डब्यात पिल्लं जिवंत राहत नाहीत.

फळीचे तुकडे असे: पाठ ४० सेंमी, दर्शनी बाजू २० सेंमी, छत २२ सेंमी, तळ १२ सेंमी. उरलेल्या फळीतून ४५ सेंमीचा तुकडा घ्या. त्याच्या एका कडेवर टोकापासून २० सेंमीला आणि समोरच्या कडेवर त्याच टोकापासून २५ सेंमीला खूण करा, दोन्ही खुणा जोडून तिरका काप द्या. दोन सारख्या बाजू मिळतात, मागे २५ आणि पुढे २० सेंमी उंच.

१. दर्शनी फळीत तळापासून १४ सेंमीवर मध्य धरून ३२ मिमीचं भोक पाडा. सुताराकडे होल सॉ असतो, तो पाच मिनिटांत पाडून देतो. माप ३५ मिमीच्या वर गेलं तर चिमणीपेक्षा मोठे पक्षी घुसायला बघतात.

२. भोकाच्या आतल्या बाजूनं, खाली तळापर्यंत, करवतीनं आडवे ओरखडे काढा. पिल्लं त्यावर नखं रोवून वर चढतात. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर त्यांना चढता येत नाही.

३. तळाच्या चार कोपऱ्यांत ५ मिमीची भोकं, आणि दोन्ही बाजूंना छताच्या अगदी खाली ८ मिमीची दोन-दोन भोकं. वरची गरम हवेसाठी, खालची ओलीसाठी.

४. बाजू पाठीवर बसवा, मग दर्शनी फळी, मग छत. आधी २ मिमीचं भोक पाडून ३५-४० मिमीचे स्क्रू फिरवा. खिळे ठोकले तर पाइन फाटतं. पाठीचा १० सेंमीचा भाग वर आणि ५ सेंमीचा खाली मोकळा राहील, तिथून पेटी भिंतीला लागते.

५. तळ बाजूंच्या मध्ये, खालच्या कडेपासून अर्धा सेंमी वर, चार स्क्रूंवर बसवा. डिंक नको, साफ करताना हाच भाग खोलायचा आहे.

६. सोलापूरसाठी खास: दुसरं छत. पहिल्या छतावर २ सेंमीचे लाकडी ठोकळे ठेवून त्यावर २५ बाय २८ सेंमीची फळी किंवा बांबूच्या चटईचा दुहेरी तुकडा लावा. मधल्या फटीतून हवा खेळते आणि ऊन सरळ आत उतरत नाही. या वरच्या छताला बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. पेटीला आतून रंग, वार्निश, काहीही नको.

भोकाखाली बसायला काडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती पाय टेकायला मिळते. पेटी तारेला झुलती टांगू नका. झुलणाऱ्या घरात अंडी घालायला पक्षी तयार होत नाहीत. छज्जाखाली, उत्तर किंवा पूर्व भिंतीला, अडीच-तीन मीटर उंचीवर, किंचित पुढे झुकवून पक्की करा. पश्चिमेची भिंत टाळा, आणि एसीच्या बाहेरच्या डब्याचा झोत येईल अशी जागाही. चिमण्या शेजार करून राहतात, म्हणून मीटरभर अंतरानं दोन-तीन पेट्या लावायला हरकत नाही. याच पद्धतीनं भोक ५ सेंमीचं ठेवून थोडी मोठी पेटी केली तर बागेत आडोशाला दयाळ उतरू शकतो.

२० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, हौसेनं पेट्या टांगल्या जातात. आपल्या हवेत तोवर उशीर झालेला असतो, जोड्यांनी जागा धरलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास लावा. पक्ष्यांना पेटीची सवय व्हायला हे महिने मिळतात. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही तर जागा बदलत बसू नका, वर्षभर तरी तिथेच राहू द्या.

घरटं बांधायला काय ठेवावं, यात आपल्या गावाचा एक धोका आहे. चादरी-टॉवेलच्या मागांमुळे धाग्यांची गुंतवळ इथे सहज मिळते आणि प्रेमानं ती झाडाला टांगली जाते. लांब धागा पिल्लाच्या पायाला वेढा घालतो, पाय वाढतो, धागा वाढत नाही; शेवटी पाय सुकतो किंवा पिल्लू घरट्याला लटकून मरतं. नायलॉनचा आणि पॉलिस्टरचा धागा तर तुटतही नाही. त्यापेक्षा ५ सेंमीच्या आत कापलेला नारळाचा काथ्या, वाळलं गवत आणि कापसाचे पुंजके जाळीच्या पिशवीत भरून ठेवा. संक्रांतीनंतर झाडांवर अडकलेला मांजाही काढून टाका.

अंडी उबवायला ११ ते १४ दिवस आणि पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे लागतात. हा महिनाभर पेटी उघडून बघू नका, मोबाइल आत घालून फोटो तर मुळीच नको. पिल्लं उडून गेली की तळ खोला, जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. गांधीलमाश्या आत पोळं धरू लागल्या तर रिकाम्या पेटीच्या छताला आतून कोरड्या साबणाची वडी घासा, त्यांना पोळं चिकटवता येत नाही.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज आहे. पिसं फुटलेलं आणि टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या झुडपावर ठेवा आणि मांजर हाकला. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू मरतं. वन्य पक्षी पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, त्यांची अंडी-घरटी मोडणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. बाजारातला पिंजऱ्यातला पोपटही त्यातच येतो.

दाणा

पाणी आणि झुडपं सहा महिने टिकवलीत की मग दाण्याकडे या. सर्वांत चांगला दाणा आपल्या जिल्ह्यातच पिकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडी ज्वारीची काढणी होते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वीतभर धांड्यासकट आठ-दहा कणसं मागून घ्या, सुतळीनं जुडी बांधा आणि छज्जाखाली उलटी टांगा. कणसाला लोंबकळून खाणं चिमणीला जमतं, जड पारव्याला जमत नाही. एवढ्या साध्या युक्तीनं निम्मा प्रश्न सुटतो.

मोकळा दाणा द्यायचा तर करवंटी घ्या. अर्धी करवंटी काथ्या खरवडून स्वच्छ करा, काठापासून एक सेंमी खाली समान अंतरावर तीन भोकं, तळाला ३ मिमीचं एक. तीन सुतळ्या ओवून वर एकत्र बांधा. बाजरी, राळा किंवा तांदळाच्या कण्या निम्म्यापर्यंतच भरा. पारवे तरीही आलेच, तर करवंटीभोवती दोन इंची चौकोनाच्या जाळीचा गोल पिंजरा करा, जाळी करवंटीपासून १५ सेंमी लांब राहील असा. चिमणी आणि मनोली आत जातात, पारवा आणि होला बाहेर राहतात. तारेची टोकं आत वळवा, नाहीतर डोळ्याला लागतील.

प्रमाण सकाळी ५० ग्रॅम. दुपारपर्यंत संपलं पाहिजे. उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. संध्याकाळी उरलेला दाणा उंदीर आणतो, आणि उंदरामागे साप. शेव, चिवडा, पाव, बिस्किट, मीठ-तेलाचं काहीही नको. बुरशी धरलेले शेंगदाणे पक्ष्यांना विषासारखे. पाण्याच्या बाटलीला दोन चमचे खुपसून केलेलं दाणापात्र दिसायला छान, पण आत वाफ धरते, दाणा चिकटतो आणि कुजतो. करवंटी दर आठवड्याला गरम पाण्यानं धुवा. एखादा पक्षी पिसं फुलवून गप्प बसलेला, डोळे सुजलेला दिसला तर दाणा दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा. आजार एकाच थाळीतून सगळ्यांना लागतो.

पावसाळ्यात माळावर गवताचं बी आणि किडे भरपूर असतात, तेव्हा दाण्याची गरज नाही.

काच, पंखा आणि वही

खिडकीच्या काचेत आकाश दिसतं आणि पक्षी धडकतो. काचेला बाहेरून चार-पाच सेंमी अंतरानं चुन्याचे पट्टे ओढा. शिंजीर किंवा बुलबुल गाडीच्या आरशावर चोच मारत असेल तर आरशावर कापडी पिशवी चढवा, तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतोय. चिमणी घरात शिरली की आधी पंखा बंद.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक वही टांगा. तारीख, पक्षी, काय करत होता, एवढंच. नावं मराठीतच लिहा: शिंजीर, दयाळ, चिरक, मनोली, तांबट. पक्ष्यांची अशी नावं जपणारे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली याच गावात जन्मले. वर्षभराच्या नोंदींतून कळतं की ठिबकाला पहिला कोण आला आणि कोणतं झुडूप कुणाच्या कामाचं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाताना पाच लिटरऐवजी वीस लिटरचा कॅन ठेवला तर ठिबक दहा दिवस चालतं. पण परळ दहा दिवस न घासता राहू नये. शेजाऱ्यांकडे काथ्या आणि दुसरा परळ देऊन ठेवा, दर तिसऱ्या दिवशी पहिला घासून उन्हात आणि दुसरा ठिबकाखाली.